आठव्या आठवड्यापर्यंत तीन सोनोग्राफी

डॉक्टर,

मला सात आठवडे पूर्ण होऊन आठवा चालू आहे. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, त्यामुळे या वेळी पहिल्या दिवसापासून जीव मुठीत धरून आहे. आतापर्यंत तीनदा सोनोग्राफी झाली, तिन्ही वेळा आतून. पहिली पाच आठवडे दोन दिवस झाले असताना, डाग दिसला म्हणून. तेव्हा नुसती पिशवी दिसली. बारा दिवसांनी दुसरी. तेव्हा ठोके दिसले आणि ते आम्हाला स्पीकरवर ऐकवलेही. आम्ही दोघंही रडलो. तिसरी परवा, पुन्हा डाग दिसला म्हणून. सगळं ठीक आहे असं सांगितलं.

आता आई म्हणते, इतक्या कोवळ्या जिवावर इतके किरण मारू नयेत, गेल्या वेळीही त्यानेच गेलं असेल. रात्री मी मोबाइलवर वाचत बसले, तर उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं वाचलं आणि झोपच उडाली. नवऱ्याचं उलटं. तो म्हणतो, दर आठवड्याला करून घेऊ आणि घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्रही मागवू. मला वाटतंय, बाराव्या आठवड्याची सोनोग्राफीच नको म्हणावी. झालेल्या तीनमुळे काही बिघडलं असेल का? धीर देण्यासाठी काही सांगू नका, खरं ते सांगा.

— झोप उडालेली एक वाचक

खरं तेच सांगते, आणि तुम्ही ज्याची वाट बघताय ते आधी. तुमच्या तीन सोनोग्राफींमुळे बाळाला इजा झाली असेल असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. गेल्या वर्षीचा गर्भपातही त्यामुळे झाला नाही. पहिल्या तीन महिन्यांत थांबणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहूनही जास्त, गर्भांमध्ये गुणसूत्रांचीच गफलत असते, आणि ती बहुतेक वेळा बीज फळतानाच होऊन गेलेली असते. तेव्हा तुम्ही सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्याही नसता. आईंच्या त्या एका वाक्याने तुमच्या मनात जो दगड ठेवलाय, तो कृपा करून आज खाली ठेवा.

पण आईंची भीती हवेतून आलेली नाही. एके काळी गर्भवतीच्या पोटावर खरोखरच किरण मारले जात होते. बाळ कसं आहे, जुळं आहे का, हे बघायला पोटाचा एक्स-रे काढत. १९५६ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांना गरोदरपणाबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले, आणि पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. सुरुवातीला त्यांचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांनी सविस्तर पाहणी १९५८ मध्ये छापली. त्याच वर्षी ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आवाजाच्या लाटांनी पोटातलं चित्र काढण्यावरचा पहिला मोठा लेख आला. डोनाल्ड तीन वर्षं आधी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले होते. धातूच्या आत लपलेली भेग शोधायला तिथे जे यंत्र वापरत, त्यावर त्यांनी त्या गाठी ठेवून पाहिल्या. सोनोग्राफीचा उगम तिथला आहे. एक्स-रेच्या घराण्याशी तिचं काही नातं नाही.

एक्स-रेमध्ये पेशीतल्या डीएनएचे धागे तोडण्याइतकी ताकद असते. सोनोग्राफीत फक्त आवाज असतो. आपल्या कानांना सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचं ऐकू येतं. सोनोग्राफीच्या प्रोबमधून, म्हणजे डॉक्टर हातात धरून फिरवतात त्या दांड्यातून, सेकंदाला साधारण वीस लाख ते नव्वद लाख कंपनांचा आवाज निघतो. प्रोब एक अगदी छोटी थाप देतो, सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाएवढी, आणि मग गप्प बसून प्रतिध्वनी ऐकतो. नेहमीच्या काळ्यापांढऱ्या चित्रासाठी प्रोबचा ९९ टक्क्यांहून जास्त वेळ ऐकण्यातच जातो. किरण हा शब्द इथे लागूच होत नाही, आणि आईंना हे एवढं जरी समजावलंत तरी त्यांचा अर्धा घोर जाईल.

उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण आवाज म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा शरीरात शिरली की काही ना काही करतेच.

आवाज दोन गोष्टी करू शकतो. एक, ऊती थोड्या तापवतो. दोन, जिथे हवेचे बुडबुडे असतील तिथे त्यांना हलवतो, फुगवतो, प्रसंगी फोडतो. दुसरीची फार चिंता नको. गर्भाच्या फुप्फुसात किंवा आतड्यात हवा नसतेच, त्यामुळे फुटायला बुडबुडाच नाही. खरा प्रश्न उष्णतेचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे पक्कं ठाऊक आहे की अवयव घडण्याच्या काळात गर्भ बराच वेळ बराच तापला तर दोष निर्माण होतात, विशेषतः मेंदू आणि मज्जारज्जूत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तर मज्जारज्जूची नळी नुकती मिटत असते. आणि या वयात गर्भाकडे उष्णता वाहून नेणारं रक्ताभिसरण पुरेसं नसतं; वारेतून आईच्या रक्ताचा मोकळा प्रवाह दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत जास्त काळजी घ्यायची असते.

मग किती तापलं तर बिघडतं? अल्ट्रासाउंडच्या जागतिक संघटनेने आखलेली रेघ अशी आहे: गर्भाचं तापमान नेहमीच्या ३७ अंश सेल्सिअसपेक्षा दीड अंशापर्यंत वाढत असेल तर उष्णतेच्या कारणासाठी तपासणी अडवायची गरज नाही. चार अंशांनी वाढून ते पाच मिनिटं किंवा जास्त टिकलं तर धोका मानायचा. नेहमीची चित्राची सोनोग्राफी या दीड अंशाच्या जवळपासही जात नाही. लाट पंख्यासारखी फिरत असते, प्रोब धरणारा हातही हलत असतो, त्यामुळे एका जागी ऊर्जा साचत नाही.

इथे मी तुम्हाला आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात नेते. पुढच्या वेळी टेबलावर झोपाल तेव्हा चित्राच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरं बघा. खोली, फ्रिक्वेन्सी असे बरेच आकडे असतात, त्यांच्यातच दोन असतात: टीआय आणि एमआय. टीआय उष्णतेचा, एमआय बुडबुड्यांचा. टीआय १ म्हणजे, या क्षणी जेवढी ऊर्जा सोडली जातेय ती वाईटात वाईट धरली तरी ऊती साधारण एका अंशाने तापवू शकेल. दहा आठवड्यांपर्यंत टीआयएस बघायचा, म्हणजे मऊ ऊतींचा हिशोब. त्यानंतर हाडं कडक होऊ लागतात आणि हाड जास्त उष्णता शोषतं, म्हणून टीआयबी. नेहमीच्या चित्रात हा आकडा बहुतेक वेळा १ च्या बराच खाली, दशांश चिन्हापुढेच घुटमळत असतो. ब्रिटनमधल्या अल्ट्रासाउंड तज्ज्ञांच्या संस्थेचे नियम सांगतात की तो ०.७ च्या आत असेल तर गर्भाच्या तपासणीला वेळेचं बंधन नाही. जसजसा वाढेल तसतशी मिनिटं कमी करायची, आणि ३ च्या वर गर्भावर वापरायचंच नाही.

आता तुमच्या दुसऱ्या तपासणीकडे येते, स्पीकरवर ठोके ऐकवले त्या. तिच्यात मला एक गोष्ट खटकली. काय ते सांगते, पण घाबरू नका.

ठोके ऐकवायचे तर डॉपलर, म्हणजे हलणाऱ्या रक्ताचा स्पीकरवर आवाज करणारी यंत्रातली सोय, लावावा लागतो. डॉपलरमध्ये पंखा फिरायचा थांबतो आणि सगळी लाट एका रेघेवर, एका ठिपक्यावर रोखली जाते. थापाही लागोपाठ आणि लांब पडतात. यंत्राची सेटिंग न बदलता तसाच डॉपलर लावला तर टीआय सहज १ च्या वर जातो. म्हणून अकरा ते चौदा आठवड्यांच्या तपासणीतही असा डॉपलर (त्याला पल्स डॉपलर म्हणतात) सरसकट वापरू नये, कारण असेल तेव्हाच वापरावा, टीआय १ किंवा त्याखाली ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर, साधारण पाच-दहा मिनिटांत आटोपावं, असं प्रसूती-सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लिहून ठेवलंय. सात आठवड्यांना तर नुसतं आई-बाबांना ऐकवण्यासाठी तो लावायची गरज नव्हती. तुमच्या बाबतीत तो काही सेकंदच लावला असणार. उष्णता साचायला मिनिटं लागतात, आणि त्या काही सेकंदांत इजा होईल इतकं तापणं मला शक्य वाटत नाही. तेव्हा झालेल्याबद्दल मनात काही ठेवू नका. फक्त पुढच्या वेळी, दहा-बारा आठवड्यांच्या आत कोणी ऐकवू लागलं तर सांगा, "ऐकवू नका, दाखवा."

दाखवण्यासाठी आमच्याकडे एम-मोड असतो. त्यात लाट रोखलेली असते खरी, पण ऊर्जा चित्राइतकीच कमी. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, तुमच्यासारख्याच. आधीचा गर्भ गेलेला, आणि दोन्ही मुठी इतक्या घट्ट की नखं तळव्यात रुतलेली. "ऐकवा ना एकदा," म्हणाल्या. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि एम-मोड लावला. वर काळ्या पिशवीत तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ, तिच्या मधोमध काहीतरी लुकलुकतंय. खाली करड्या पट्टीवर त्या लुकलुकण्याची नागमोडी रेघ सरकायला लागली, बारीक आणि अगदी सारख्या अंतराच्या लाटांची. मी दोन लाटांवर खूण केली, यंत्राने मिनिटाचे ठोके काढले. खोलीत आवाज असा नव्हताच. त्यांच्या मुठी उघडल्या. त्या रेघेचा कागद त्यांनी छापून मागितला, तो दिला.

एक गोष्ट मला आमच्याच लोकांबद्दल सांगावी लागेल. २००७ मध्ये अमेरिकेत सोनोग्राफी वापरणाऱ्या डॉक्टर आणि तंत्रज्ञांची एक पाहणी छापली गेली. टीआय म्हणजे काय हे त्यांच्यातल्या पाचांपैकी एकालाही धड सांगता येत नव्हतं, आणि पाचांपैकी सुमारे चौघांना ते आकडे पडद्यावर कुठे दिसतात हेच माहीत नव्हतं. ती वाचली तेव्हा मला लाज वाटली, कारण यंत्रांना मोकळीक देताना सगळा भार या दोन आकड्यांवर टाकला होता. आधी अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, गर्भासाठीची ऊर्जेची मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला ९४ मिलिवॉट होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ७२० वर नेली, म्हणजे साडेसात पटींहून जास्त, या अटीवर की यंत्र टीआय आणि एमआय पडद्यावर दाखवेल आणि वापरणारा ते बघून ऊर्जा आवरेल. यंत्रं दाखवायला लागली. बघणाऱ्यांचं मात्र सगळीकडे तसं झालं नाही. म्हणून मी तुम्हाला त्या कोपऱ्यात नेलं. पेशंटने "डॉक्टर, टीआय किती आहे?" असं नम्रपणे विचारलं तर जाणकाराला राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याला तो प्रश्न विचारणं आणखीच गरजेचं आहे.

आता उंदरांबद्दल, कारण तुमची झोप त्यांनीच उडवली. तुम्ही वाचलेला प्रयोग बहुधा येल विद्यापीठातल्या पास्को राकिच यांच्या गटाचा, २००६ चा. प्रयोग नीट केलेला होता, उडवून लावण्यासारखा नाही. मेंदूच्या पेशी आपल्या जागी सरकत जाण्याच्या काळात गाभण उंदरांवर अल्ट्रासाउंड सोडला, आणि एकूण अर्धा तास किंवा जास्त झाल्यावर काही पेशी भलत्या ठिकाणी थांबलेल्या दिसल्या. जास्तीत जास्त मात्रा सात तासांची होती. पण तिथलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. प्रोब एका जागी पक्का रोखलेला. पिल्लाचा मेंदू इतका चिमुकला की सगळाच्या सगळा सतत लाटेत. वय गर्भारपणाच्या शेवटाकडचं. तुमच्या तपासणीत लाट फिरती होती, आणि मेंदूचा तो थर घडायला अजून सुरुवातही झालेली नव्हती. त्या प्रयोगातून मी इतकंच घेते की कारण नसताना एका जागी लाट रोखून बसू नये. आठव्या आठवड्यातल्या आईने त्यासाठी रात्र जागून काढायची गरज नाही.

माणसांवरचं काय? नॉर्वेत १९७९ ते १९८१ दरम्यान काही गर्भवतींची नियमित सोनोग्राफी केली, काहींची नाही, कोणाची करायची ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवून. मुलं आठ-नऊ वर्षांची झाल्यावर दोन हजारांहून जास्त मुलांचं वाचन-लेखन, शाळेतली प्रगती, कान-डोळे तपासले. फरक सापडला नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे सुमारे २,८०० गर्भवतींपैकी अर्ध्यांची पाच वेळा डॉपलरसह सोनोग्राफी केली, बाकीच्यांची एकदाच, आणि गरज पडली तर पुन्हा. १९९३ मध्ये निकाल आला तेव्हा सगळे दचकले, कारण पाच वेळावाल्यांमध्ये वजनाने लहान बाळं थोडी जास्त होती. संशोधकांनी मुलांचा माग सोडला नाही. २००४ मध्ये त्यांनीच सांगितलं की वर्षाची झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत दोन्ही गटांतली मुलं वाढीत, बोलण्यात, वागण्यात सारखीच होती. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००९ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले. बाळाचं वजन, जन्मावेळची गुंतागुंत, बालवयातला कर्करोग, बुद्धी, कशाशीच संबंध लागला नाही. मुलग्यांमध्ये डावखुरेपणा किंचित जास्त असावा, एवढा एकच धागा उरला, तोही कच्चा.

तुम्ही खरं मागितलंत म्हणून यातल्या दोन उणिवाही सांगते. नॉर्वे आणि पर्थच्या अभ्यासांत सोनोग्राफी अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यापासून पुढची होती, तुमच्यासारखी पाचव्या-सातव्यातली नव्हती. आणि यांतली बरीचशी यंत्रं मर्यादा वाढवण्याआधीची, म्हणजे आजच्यापेक्षा मवाळ. त्यामुळे इजा झाल्याचा पुरावा नाही, हे ठामपणे म्हणता येतं, पण म्हणून कितीही वेळ, कसंही वापरा, असं कोणी शहाणा म्हणत नाही. आमच्या पेशात यावर एकच नियम आहे: उत्तर मिळायला लागेल तेवढीच ऊर्जा, तेवढाच वेळ.

तुमच्या तिन्ही तपासण्या मी या नियमाला लावून बघितल्या. पाच आठवड्यांना डाग दिसला, तर पहिला प्रश्न गर्भ कुठे रुजलाय हा असतो. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा नळीत असतात, आणि नळी फुटली तर आईचा जीव जाऊ शकतो. पिशवी गर्भाशयात दिसली, प्रश्न मिटला. तेव्हा बाळ न दिसणं वेळेला धरूनच होतं. ठोके साधारण सहाव्या आठवड्यापासून दिसतात. दुसरी बारा दिवसांनी ठेवली हेही बरोबर. घाई करून तीन-चार दिवसांनी बघितलं असतं तर बहुधा काहीच ठरलं नसतं आणि तुमचे हाल वाढले असते. तिसरी पुन्हा डाग आला म्हणून. तिन्हींना कारण होतं, तिन्हींना उत्तर मिळालं. तिसरीत ठोके दिसल्यामुळे तर गर्भ टिकण्याची शक्यता पाचव्या आठवड्यापेक्षा आज कितीतरी चांगली आहे.

"आतून" या शब्दाने पुष्कळ जणी कचरतात. तो प्रोब योनीतच थांबतो, गर्भाशयाच्या तोंडातून पुढे जात नाही, आणि त्याने गर्भपात होत नाही. तो गर्भाच्या जवळ असतो म्हणून इतक्या लवकरच्या दिवसांत चित्र स्पष्ट येतं आणि काम लवकर आटोपतं. गरोदरपणी गर्भाशयाचं तोंड नाजूक झालेलं असतं, त्यामुळे तपासणीनंतर क्वचित एखादा फिकट डाग दिसतो. तो दिसला तर घाबरून जाऊ नका.

बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी अजिबात टाळू नका. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून जी प्रसूतीची तारीख काढतात, ती पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. नंतर काढलेली तारीख इतकी भरवशाची नसते. ही तारीख चुकली की शेवटी "दिवस उलटून गेले" म्हणून उगाच कळा आणायची वेळ येते. जुळं असेल तर दोघांची वार एक की वेगळी हे याच दिवसांत नीट कळतं, आणि पुढची सगळी देखरेख त्यावर ठरते. डोकं, पोट, हातपाय ढोबळमानाने बघून होतात, मानेमागची जाडी मोजली जाते. एवढ्या माहितीसाठी काही मिनिटांचं चित्र हा मला अगदी रास्त व्यवहार वाटतो.

यजमानांशी मात्र माझं जमणार नाही. दर आठवड्याला नको. एक गर्भ गमावलेल्या आईला मध्ये एकदा बघावंसं वाटलं तर ते मी चोचले समजत नाही. ती भीती खरी असते आणि ती शमवणं हेही वैद्यकीय कारणच आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा की गेल्या वेळी नवव्या आठवड्यात गेलं होतं, तो आठवडा ओलांडल्यावर एकदा बघू या. चित्र आणि एम-मोड, दोन-तीन मिनिटं. ते हो म्हणतील असं मला वाटतं. पण दर सोमवारी जाऊन बघण्याने पुढचा सोमवार सोपा होत नाही, हे मी खूप जणींच्या बाबतीत पाहिलंय; तिसऱ्या दिवसापासून पुन्हा धाकधूक सुरू होते.

आणि ते घरचं यंत्र मागवू नका. तो डॉपलरच असतो, आणि तो कुठे, किती वेळ रोखलाय हे बघायला शेजारी कोणी नसतं. आठव्या आठवड्यात त्यावर बहुधा काहीच ऐकू येणार नाही. अशा हातातल्या यंत्रावर दहा-बारा आठवड्यांनंतर कुठे ठोके सापडू लागतात, तेही सरावलेल्या हाताला. तुम्ही रात्री अकरा वाजता पोटावर जेल लावून वीस मिनिटं शोधत बसाल, ऐकू आलं नाही की दोघंही कोसळाल. त्याहून वाईट म्हणजे तुमच्याच रक्तवाहिनीची धडधड ऐकाल आणि बाळाची समजून निवांत झोपाल. सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची हालचाल मंदावली असताना "ठोके ऐकू आले ना" म्हणून घरी थांबलेल्या बायका उशिरा पोचतात, आणि तो उशीर कधी कधी भरून निघत नाही. एफडीएने २०१४ मध्ये लोकांना जाहीरपणे सांगितलं की घरचे डॉपलर आणि आठवण म्हणून काढायच्या सोनोग्राफी टाळा. मी यात एफडीएपेक्षाही कडक आहे.

काही झालं तर मात्र सोनोग्राफीच्या भीतीने घरी थांबू नका. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर रात्र असो की दिवस, लगेच जा. तापही अंगावर काढू नका. उष्णतेबद्दल इतकं बोललो तर हेही सांगते, की सोनोग्राफीपेक्षा आईचा तीन दिवसांचा १०२ फॅरनहाइटचा ताप बाळाला कितीतरी जास्त तापवतो. गर्भारपणी चालणारी तापाची गोळी कोणती, हे डॉक्टरांना आजच विचारून लिहून ठेवा. वाफेची अंघोळ आणि गरम पाण्याच्या टबात बसून राहणं सध्या बंद.

बाराव्या आठवड्याला जाताना जमलं तर आईंना सोबत न्या. खोलीत घ्यायची परवानगी आधी विचारून ठेवा. तोवर बाळाला हातपाय आलेले असतील आणि ते हलत असेल. पाचव्या आठवड्याच्या रिकाम्या पिशवीशी त्याचं काही साम्य उरलेलं नसेल. आधी त्यांना ते बघू द्या. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातला टीआयचा आकडा तुम्हीच त्यांना बोट दाखवून सांगा.